शाकारणीची तारीख

‘४ नोव्हेंबर. रात्री दोन. पुलावर रेघा. काच उघडली नाही. पाचला दिवे. शाकारली.’

माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असते. निळा पुठ्ठा, कोपऱ्यांवर ऑइलचे डाग. तिच्यातली ही एका वर्षीची नोंद. मिशिगनमध्ये, ॲन आर्बरजवळ मी राहतो. माझ्याकडे १९९२ सालची लाल माझदा मियाटा आहे, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. हिवाळ्यात ती रस्त्यावर आणायची नाही हा नेम. नेम पक्का असला तरी त्याची तारीख पक्की नसते. ती दर वर्षी शोधावी लागते.

गाडी ज्यांच्याकडून घेतली ते गृहस्थ कारखान्यात साचे बनवणारे कारागीर होते, तेव्हा निवृत्त झालेले. गाडी त्यांनी नवी असताना घेतली होती. व्यवहार झाल्यावर त्यांनी आधी ही वही माझ्या हातात दिली, मग किल्ली. वहीत दर वर्षीच्या दोनच नोंदी : गाडी ठेवली ती तारीख आणि बाहेर काढली ती तारीख. पुढे मैलांचा आकडा. एखाद्या वर्षी त्यापुढे एकच शब्द, ‘मीठ’ नाही तर ‘पानं’. मी म्हटलं, “दर वर्षी तारीख वेगळी दिसते.” ते म्हणाले, “दर वर्षी शरद वेगळा असतो.” त्यांच्या पानांनंतर माझी पानं मराठीत सुरू होतात, आणि माझे शब्द त्यांच्यापेक्षा थोडे जास्त आहेत. वर दिलेली नोंद मला त्यांतली सर्वांत पूर्ण वाटते. गाडी कधी ठेवावी याबद्दल मला लोकांनी पुष्कळ सांगितलं आहे, पण या पाच तुकड्यांबाहेरचं असं फारसं काही त्यात निघालं नाही. म्हणून एकेक तुकडा सावकाश वाचायचा आहे.

त्याआधी गाडीविषयी थोडं, कारण गाडी वेगळी असती तर नोंदही वेगळी झाली असती. मियाटा जगासमोर आली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. तिचे मुख्य अभियंते तोशिहिको हिराई. ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी वाक्प्रयोग त्यांनी आपल्या माणसांपुढे ठेवला होता. अर्थ असा की स्वार आणि घोडा यांचं एक अंग व्हावं. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ अश्वशक्ती. आज इथल्या साध्या कौटुंबिक गाडीलाही याहून जास्त असते. पण वजन हजार किलोच्या आसपास, आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. रस्त्यावरचा खडा, ओल, उतार सगळं थेट तळहातात येतं. ही गाडी फार वेगवान नाही, बोलकी आहे. ऋतू फिरल्याची खबरही पहिल्यांदा तीच देते. ते ऐकायला शिकणं एवढंच मालकाचं काम.

आणि ऐकायचं ते अशा दिवसांत, जेव्हा ऐकावंसं वाटत नाही. मिशिगनचा ऑक्टोबर हा उघड्या गाडीचा सर्वांत सुंदर महिना. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, १९९५ पासून जवळपास दर वर्षी. पण तिथे ऊन डोक्यावर असतं आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुसमटते. ऑक्टोबरात हवा कोरडी, इंजिनाचा श्वास मोकळा. ॲन आर्बरहून डेक्स्टरला जाणारा ह्युरॉन रिव्हर ड्राइव्ह नदीची वळणं धरून चालतो. दोन्ही बाजूंचे शुगर मेपल आधी शेंड्याला पिवळे होतात, मग केशरी, मग लाल. डेक्स्टरला १८८६ पासून चालू असलेली सफरचंदाच्या रसाची गिरणी आहे. तिथल्या गरम डोनटची पुडी शेजारच्या सीटवर ठेवायची आणि टप उघडं टाकून परत यायचं. असा दिवस अनुभवलेल्या माणसाला दुसऱ्याच आठवड्यात गाडी ठेवायला सांगणं सोपं नाही. लवकर ठेवली तर वर्षातले हेच दिवस हातचे जातात. उशीर केला तर गाडीच हातची जायला लागते. तारखेची दोन टोकं ही अशी.

पहिला तुकडा : ‘रात्री दोन.’

म्हणजे रात्रीचं तापमान दोन अंश सेल्सिअस. हा देश फॅरनहाइटमध्ये बोलतो, मी वहीत मात्र सेल्सिअसच लिहितो. थंडी मला त्याच भाषेत कळते. इथे दिवसाचं तापमान लिहिलेलं नाही, ही या तुकड्याची पहिली खुबी. त्या दिवशी दुपारी चौदा-पंधरा अंश असेल, स्वेटर उतरवावासा वाटला असेल. पण टायर दुपारचं ऐकत नाही. मेपलच्या सावलीतला डांबराचा तुकडा रात्रीची थंडी दुपारी एकपर्यंत धरून ठेवतो, आणि वळणं नेमकी सावलीत असतात.

उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यासाठी कालवलेलं असतं. साधारण सात अंशांच्या खाली ते कडक होऊ लागतं. मराठी माणसाला हे समजवायला रसायनशास्त्र लागत नाही. खोबरेल तेलाची बाटली आठवावी. मुंबईत ती बहुतेक वर्ष पातळ. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी थिजलेली, तळहातावर उलटी केली तरी थेंब पडत नाही. तेल तेच, बाटलीही तीच, थोड्या अंशांचा फरक. रबराचंही तसंच. रस्त्याच्या बारीक खाचांत शिरून त्यांना धरून ठेवणं हे त्याचं काम, आणि कडक झालं की ते खाचांवरून नुसतं सरकतं. गोठणबिंदूच्या बरंच खाली गेलं तर चालत्या गाडीच्या उन्हाळी टायरला चिरा पडू शकतात.

माझ्या गाडीचे टायर लहान आहेत, चौदा इंची चाकांवरचे. त्यांची पकड जाते ती धक्क्याने नाही, हळूहळू जाते. ऑक्टोबरात नदीकाठच्या एका डाव्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं की ते हातात भरीव लागतं. कणीक मळताना ती शेवटी हाताला उलटा जोर देते, तसं. नोव्हेंबरच्या एका सकाळी त्याच वळणावर, त्याच वेगात हात रिकामा वाटतो. गाडी घसरलेली नसते, वळलेलीही असते. फक्त उत्तर आलेलं नसतं. त्या संध्याकाळी मी रात्रीचं तापमान लिहायला लागतो. सलग काही रात्री आकडा सातच्या बराच खाली राहिला की पहिला तुकडा लिहून झाला.

इथे कुणी म्हणेल, मग हिवाळी टायर घाला आणि वर्षभर चालवा. तसं करणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बर्फावर हलकी, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी सांभाळणं ही स्वतंत्र विद्या आहे. पण हिवाळी टायर पहिल्या तुकड्याचं उत्तर देतात. दुसऱ्याचं नाही.

दुसरा तुकडा : ‘पुलावर रेघा.’

माझ्या मते या नोंदीचा प्राण इथे आहे. अमेरिकेत नव्याने आलेला माणूस गाडी ठेवण्यासाठी पहिल्या बर्फाची वाट पाहतो. मीही पाहायचो. बर्फ दिसतो, त्याचा गाजावाजा होतो, मुलं बाहेर धावतात. पण गाडीला बर्फाने काही होत नाही. बर्फ म्हणजे पाणीच. गाडीला खातं ते मीठ, आणि मीठ बर्फाच्या आधी येतं.

ते येतं कसं हे पाहण्यासारखं आहे. रात्री दव गोठण्याची शक्यता दिसली की रस्तेखात्याचे ट्रक मिठाचं पाणी घेऊन निघतात. त्यात मिठाचं प्रमाण शेकडा तेवीसच्या आसपास, कारण त्या प्रमाणात ते उणे एकवीस अंशांपर्यंत गोठत नाही. ट्रकच्या मागे आडव्या नळीला ओळीने तोट्या असतात. पाणी रस्त्यावर पडतं, सुकतं, आणि मागे राहतात समांतर पांढऱ्या रेघा, दुरेघी वहीच्या पानावर असाव्यात तशा सरळ. आधी पुलांवर दिसतात, कारण पुलाला खालूनही वारा लागतो आणि तो जमिनीवरच्या रस्त्याच्या आधी गारठतो. आकाश निरभ्र, झाडांवर अजून थोडी पानं, बर्फाचा मागमूस नाही, आणि नदीवरच्या पुलावर त्या रेघा. हिवाळ्याची पहिली अक्षरं ती. ती ज्याने वाचली त्याला पुढचं पान उलटायची गरज राहत नाही.

हे मीठ कुठून येतं ते कळल्यावर मी त्या रेघांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. डेट्रॉइट शहराच्या पोटात, साधारण साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाचे थर मागे राहिले. १९१० मध्ये खाणीची विहीर त्या थरापर्यंत पोचली. विहीर अरुंद, म्हणून मोठी यंत्रं सुटी करून खाली उतरवतात आणि खाली पुन्हा जोडतात. वर हायलंड पार्कमध्ये फोर्डने १९१३ मध्ये सरकत्या साखळीवर गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि याच भागाच्या जमिनीखाली गाड्यांना खाणारं मीठ कोट्यवधी वर्षं पडून होतं. मी कोकणातला, हर्णैचा. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज कसे फुगतात, कडीकोयंडे कसे पापुद्रे सोडतात हे पाहत वाढलो. समुद्रापासून इतक्या दूर, अमेरिकेच्या मध्यावर आलो आणि इथेही समुद्रच भेटला, आटलेला.

मिठाचा स्वभावही कोकणातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. कोरडं असेपर्यंत ते गप्प असतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच इथे. हवेतली आर्द्रता शेकडा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ स्वतःच ओल ओढून घेतं, विरघळतं आणि लोखंडाच्या मागे लागतं. त्यातून थंडीपेक्षा उबेत गंज भराभर वाढतो. मीठ लागलेली गाडी मायेने ऊबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती बाहेरच्या गारठ्यातल्या गाडीपेक्षा लवकर सडते. माया असली तरी ती मीठ धुऊन झाल्यावर करायची.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी रेघा पाहिल्या आणि वाचल्या नाहीत. पाहिल्यानंतर चार दिवसांनी पाऊस पडला, रेघा गेल्या, मागून दोन सुरेख दिवस आले. रस्ता स्वच्छ दिसत होता. मी गाडी काढली आणि साठ मैल फिरवून आणली. रस्त्याच्या मध्यावरचं मीठ पावसाने कडेला नेलं होतं, आणि कडेच्या डबक्यांतून मी मजेत चाकं नेली. पुढे दोन वसंत गेले. एका एप्रिलमध्ये गाडी धुताना डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीवर, रंगाला मसुराच्या डाळीएवढा फुगा दिसला. बोटाने दाबला, दबला. पेनाचं टोक लावलं, आत गेलं. त्या छिद्रातून तपकिरी भुकटी माझ्या तळहातावर पडली. पट्टी कापून नवा पत्रा जोडावा लागला. सगळं त्या साठ मैलांनी केलं असं मी म्हणत नाही. ही जागा या गाड्यांची कच्ची आहे, त्याचं कारण पुढे येईल. पण तळहातावरची ती भुकटी माझ्या लक्षात आहे, आणि तेव्हापासून पुलावरच्या रेघांना माझ्या वहीत अपील नाही.

तिसरा तुकडा : ‘काच उघडली नाही.’

पुन्हा पुन्हा वाचावं असं हे वाक्य. माझ्या मियाटाच्या टपाची मागची काच खरी काच नाही, लवचिक पारदर्शक प्लॅस्टिक आहे. टप उघडायचं असेल तर आधी काचेची चेन ओढायची, काच मागच्या फळीवर अलगद आडवी करायची, मग पुढचे दोन खटके सोडून टप एका हाताने मागे टाकायचं. उन्हाळ्यात हे दहा सेकंदांचं काम. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, आणि ते वाकवलं तर आधी दुधी पट्टा उमटतो, मग तडा जातो.

आता मराठीत ‘उघडली नाही’चे दोन अर्थ होतात. मी उघडली नाही, हा एक. ती उघडेना, हा दुसरा. त्या सकाळी दोन्ही खरे होते. चेनवर बोट ठेवलं, ती एक इंच सरकली आणि काचेची कड ताठ उभी राहिली. तिने अंग चोरलं. मी हात मागे घेतला. कुणी कुणाला नाही म्हटलं हे मला सांगता येणार नाही. ‘जिनबा इत्ताई’ म्हणजे काय हे मला रस्त्यावरच्या वळणांपेक्षा त्या एका इंचात जास्त कळलं.

या वाक्याचं वजन आणखी एका कारणाने आहे. टप उघडता येत नसेल तर ही गाडी कशाला काढायची? बंद टपाखाली ती एक लहान, गोंगाटी, जुनी मोटार आहे. पहिले दोन तुकडे गाडीला काय होईल ते सांगतात, तिसरा मला काय मिळणार नाही ते सांगतो. भीतीपोटी ठेवलेली गाडी आणि रस संपला म्हणून ठेवलेली गाडी यांत फरक आहे. पहिलीत हिवाळाभर हुरहुर राहते.

चौथा तुकडा : ‘पाचला दिवे.’

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी साडेसहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य रविवारी साडेपाचच्या आत जातो, आणि पाचलाच तो डोळ्यांच्या उंचीवर, झाडांच्या बुंध्यांमधून येतो. माझ्या मियाटाचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात. बटण दाबलं की दोन्ही पापण्या एकदम वर येतात, आणि चालकाच्या जागेवरून त्या समोर दिसतात. जूनमध्ये महिना-महिना मला त्या वर करायचं काम पडत नाही. नोव्हेंबरात घरी परतायच्या आत कराव्याच लागतात.

उजेड कमी होणं ही केवळ उदास वाटण्याची गोष्ट नाही. हाच हरणांचा माजाचा काळ. संध्याकाळी ती नदीकडून रस्ता ओलांडतात, एकामागे दुसरं, आणि दुसऱ्याचं लक्ष पहिल्याकडे असतं. पंधरा नोव्हेंबरला बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, मग तर ती कुठूनही उसळतात. माझी गाडी इतकी खुजी की हरणाचं पोट आणि माझी काच एका पातळीवर येतात. त्यात पडलेली पानं ओली होऊन डांबराला चिकटलेली. उजेड, पान आणि हरीण या तीन गोष्टी मी एका ‘दिवे’ शब्दात लिहिल्या आहेत. ज्यांनी वही दिली त्यांनी एकट्या ‘पानं’ शब्दात लिहिल्या होत्या. त्यांचा शब्द जास्त चांगला आहे.

पाचवा तुकडा : ‘शाकारली.’

हा शब्द माझा नाही, आईचा. पहिल्या वर्षी फोनवर तिला सांगत होतो की गाडी पाच महिने झाकून ठेवायची आहे, तिची अशी अशी तयारी करायची आहे. ती सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे शाकारायची म्हण ना.” तेव्हापासून दर नोव्हेंबरात तिचा प्रश्न ठरलेला असतो : “काय रे, शाकारलीस का गाडी?”

शाकारणं म्हणजे पावसाळ्याआधी छप्पर नीट करणं : कौलं चाळणं, गवत नाही तर झावळ्या नव्याने घालणं. होड्याही शाकारतात. मे महिना सरत आला की हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढतात, खाली लाकडं देतात, वर झावळ्यांचे झाप बांधतात. सरकारची मासेमारीबंदी आता एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत असते, पण होडी वर घेण्याची रीत त्या कायद्याहून जुनी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून ती पुन्हा पाण्यात. ‘गाडी ठेवली’ म्हटलं की अडगळ वाटते. ‘शाकारली’ म्हटलं की ती पुन्हा निघणार हे त्यातच आलं.

मोटारींच्या बाबतीतही ही नवी हौस नाही. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत बंद टपाच्या शंभरात दहा होत्या. १९२७ मध्ये शंभरात पंच्याऐंशी झाल्या. त्याआधीच्या उघड्या गाड्यांचे मालक थंडी आली की रेडिएटरमधलं पाणी काढून टाकत आणि गाडी ठोकळ्यांवर चढवून वसंतापर्यंत ठेवून देत. टप बंद झालं, रस्त्यावरचा बर्फ काढला जाऊ लागला, आणि मोटार बारमाही झाली. उघड्या टपाची गाडी तेवढी आपल्या जुन्या नेमाला धरून राहिली.

शाकारणीच्या कामांत मी एका कामापाशी सर्वांत जास्त वेळ घालवतो. सीटमागे, टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ आहे, आणि दोन्ही टोकांना एकेक भोक. तिथून पाणी दाराखालच्या पट्टीच्या बाजूने खाली उतरतं. शरदात त्या भोकांत पानांचा चुरा आणि पाइनच्या सुया अडकतात, पाणी तुंबतं आणि पट्टी आतून कुजते. या गाड्यांची ती जागा कच्ची म्हटलं ते यामुळे. बाहेरून मीठ, आतून पान. मी मऊ नळी घालून चुरा मोकळा करतो, वरून तांब्याने पाणी ओततो आणि गाडीखाली वाकून पाहतो. दोन्ही बाजूंनी सारखी धार पडली की जिवाला बरं वाटतं.

बाकीचं भराभर होतं. अंग आणि पोट धुणं. इंजिन गरम करून जुनं ऑइल काढणं, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्लं पाच महिने धातूला लागून राहू नयेत. टाकी काठोकाठ भरून पेट्रोल टिकवणारं द्रव्य घालणं. टायरमध्ये एरवी २६ पौंड हवा असते, ती ४० करणं, म्हणजे एका जागी उभं राहून चपटे डाग पडत नाहीत. बॅटरी या गाडीच्या डिकीत असते, तिला बारीक चार्जर जोडणं. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावणं, नाही तर ब्रेक चिकटतात. टप लावलेलंच ठेवणं, म्हणजे घड्या पडत नाहीत. उंदरांसाठी एक्झॉस्टमध्ये स्टीलच्या तारेचा बोळा, आणि तो वसंतात विसरू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी. वर सुती आच्छादन, ज्यातून हवा खेळते. मध्ये कधी आठवण आली म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू करायचं नाही. तेवढ्यात ते तापत नाही, उलट आत पाणी धरतं. शाकारलेल्या गाडीला हात लावायचा नाही.

आता पूर्ण नोंदीकडे पुन्हा पाहावं. पाच तुकड्यांचा क्रम नुसता घडण्याचा क्रम नाही. रेघा सकाळी दिसल्या असतील, काच त्याच सकाळची, रात्रीचा आकडा आदल्या रात्रीचा. क्रम आहे तो बाहेरून आत येण्याचा : हवा, रस्ता, गाडी, डोळे, आणि शेवटी हात. एक तुकडा पुरेसा नसतो. थंड रात्री ऑक्टोबरातही दोन-तीन येऊन जातात आणि पुन्हा ऊब येते. रेघांचा मान वेगळा. त्या दिसल्यावर दुसरं काही पाहायचं नाही. पण बहुतेक वर्षी रेघा दिसेपर्यंत बाकीच्यांनीही आपापलं सांगून झालेलं असतं. वहीतल्या जुन्या आणि नव्या पानांत सर्वांत लवकरची तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली आहे, सर्वांत उशिराची नोव्हेंबरच्या मध्यावरची. तीन आठवड्यांचं अंतर. त्या अंतरात कुठे थांबायचं हे वाचता येणं, एवढीच यातली रसिकता.

आणि तिची परीक्षा शाकारल्यानंतर होते. जवळपास दर वर्षी, आच्छादनाला आठवडा होतो न होतो तोच एक-दोन दिवस असे येतात की वाटावं सप्टेंबर परत आला. दुपारी अठरा अंश, वारा नाही, रस्ता कोरडा. कॅलेंडर पाहून ठेवणाऱ्याला त्या दिवशी फसवल्यासारखं वाटतं. मलाही पहिली काही वर्षं गॅरेजच्या दारात उभं राहून तसंच वाटायचं. आता मी रोजची गाडी काढतो, डेक्स्टरपर्यंत जाऊन येतो, आणि नदीकाठचं ते डावं वळण मोठ्या गाडीतून, खिडकी खाली करून, हळू घेतो.

हर्णैला आमच्या घराजवळ एक तांडेल राहायचे. सगळी मुलं त्यांना आजोबा म्हणायची. एका मे महिन्यात त्यांची होडी शाकारून झाली होती, झाप बांधून झाले होते, आणि त्यानंतर दर्या दोन दिवस तेल ओतल्यासारखा निवांत पडून राहिला. सुवर्णदुर्गाची तटबंदी पाण्यात उलटी दिसत होती. आजोबा होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. मी विचारलं, “आजोबा, आज तर लाटच नाही. जायचं नाही का?”

त्यांनी मान वर करून दर्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “वारा परवाच फिरलाय, बाळा. आज नुसता बघायचा.”

आणि हातातली गाठ पुरी केली.